तोरणाचा खिळा

लढाईच्या दिवसांत माझं पोस्टिंग अकोल्याच्या डेपोत होतं. बायकांच्या पलटणीत मी ड्रायव्हर. शिक्षण चौथी. वडील कापसाच्या जिनात मिस्त्री होते, म्हणून पाना आणि तार लहानपणापासून हातातली. साडेपाचला रांगेत फॉल-इन, सहाला गाडीचं तेलपाणी, सातला इन्स्पेक्शन. माझ्या ट्रकचा नंबर सतरा.

खंडेनवमीला आम्ही सगळ्या गाड्या धुतल्या, हळदकुंकू वाहिलं, हार घातले. दसऱ्याला सुट्टी. एकादशीला अमरावतीला पेट्रोलचे डबे न्यायचे होते. ट्रकांचा कॉन्व्हॉय पाच वाजता सुटणार, पुढचा सगळा रस्ता अंधाराचा. दुपारी दीड वाजता मी दिवे लावून पाहिले. फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. तिसराही गेला. शिल्लक एक.

आमचे हवालदार गुलाबराव हिवरखेडचे. बोलणं कडक, माणूस सरळ.

"सतरा नंबर काहून उभी हाय व सुभद्रा?"

"फ्यूज उडून राहिला, हवालदार. कुठंतरी शॉर्ट आहे."

"पाचले गाडी सुटली पायजे. नाई तं चावी शामरावले देजो."

शामराव कॉन्व्हॉयबरोबर जाणारा राखीव ड्रायव्हर. तो सिगरेटच्या पाकिटातली चांदी घेऊनच आला.

"हे गुंडाळ फ्यूजले. बापजन्मात उडत नाई."

"फ्यूज उडणार नाही, तार पेटेल. मागं पेट्रोल आहे."

"तं चुलीपाशी जाऊन बस. तिथं फ्यूज नसते."

"तुही मिशी जळन, तवा तूच येशीन चुलीपाशी."

डेपोतल्या बाया हसल्या. शामरावनं चांदी खिशात घातली, पण चावीवरची नजर काही काढली नाही. एकदा चावी गेली असती तर मला परत स्टोअरमध्ये ब्लँकेटं मोजायला बसवलं असतं.

मी शेवटचा फ्यूज वापरला नाही. त्याच्या जागी दोन तारा लावून एक बल्ब जोडला. शॉर्ट असेपर्यंत बल्ब पेटतो, फ्यूज वाया जात नाही. मग ट्रकचे सगळे दिवे काढून ठेवले. तरी माझा बल्ब झगझगीत. म्हणजे करंट दुसरीकडून पळत होता. पुढच्या दिव्यांची तार सोडली, बल्ब पेटलेलाच. मागच्या दिव्याची सोडली, बल्ब विझला. घोटाळा मागच्या तारेत. ती परत जोडली आणि बोटानं चाचपत मागं गेले. पावणेचार झाले होते.

मागच्या फळीवर सुकलेलं आंब्याच्या पानांचं तोरण लोंबत होतं. त्याचा खिळा फळीतून तारेत, आणि तारेतून मागच्या लोखंडी पट्टीत गेला होता. खिळा उपटला. पुढं माझ्या बल्बपाशी उभा असलेला शामराव ओरडला, "इझला व, इझला!"

हवालदार आले. खिळा हातात घेऊन पाहिला.

"कोन ठोकला?"

खोटं बोलायची सवय नव्हती. "मीच. खंडेनवमीला."

त्यांनी एकदा खिळ्याकडं, एकदा तोरणाकडं पाहिलं. मग इतके हसले की टोपी काढावी लागली. "पूजा करून गाडी आजारी पाडनारी तूच पायली बाप्पा! देवीनं तोरण मांगतलं होतं, खिळा नाई. सुतळीनं बांधत जाय."

तारेला टेप गुंडाळला, दिवे परत बसवले, शेवटचा फ्यूज घातला. दिवे लागले. पाचला सतरा नंबर सुटली, चावी माझ्याकडेच. मूर्तिजापुरात शामरावनं चहा पाजला. मिशीचं नाव मात्र काढू दिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सतरा नंबर बर्माच्या बाजूला पाठवली. बायांना तिकडं जायची परवानगी नव्हती. गाडी हवालदार नेणार होते, चावी मी त्यांच्या हातात दिली. म्हणाले, "शाबूत आनून देतो." तिकडं एका पुलावर बॉम्ब पडला. गाडी गेली, गुलाबरावही गेले. डेपोत नोटीस लागली. ती मी दोनदा वाचली आणि ड्यूटीवर गेले.

आता घरी नातवाचा ट्रॅक्टर आहे. खंडेनवमीला तो हातोडी शोधतो. मी सुतळी पुढं करते आणि सांगते, हवालदारांची ऑर्डर आहे.