काकांची विळी आणि शंभर मीटरचा घोळ

जमिनीत गाडलेलं लोखंड शोधायचा मला पगार मिळतो, हे माझ्या सासऱ्यांना अजून पटलेलं नाही. मी सौदीत, यान्बूला सर्व्हेअर आहे. जुन्या नकाशावरून जागा काढायची, लांब दांड्याचं यंत्र जमिनीवरून फिरवायचं आणि ते किंचाळलं की उकरायचं. खाली मोजणीचा जुना खिळा मिळतो. वीस वर्षं हेच करतोय. त्यामुळे आमच्या कॅम्पातले काका एके दिवशी माझ्या खोलीत आले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "मला माझी विळी शोधून दे," तेव्हा मला हसू आलं तरी मी नाही म्हणू शकलो नाही.

काका म्हणजे गुहागरकडचे फिटर. सगळा कॅम्प त्यांना काकाच म्हणतो. सव्वीस वर्षांपूर्वी ते इथे पहिल्यांदा आले तेव्हा काकींनी सामानात विळी घातली. साधीसुधी नव्हे, आईकडून आलेली, पुढे खवणी असलेली. तिकडे जेवणाचे हाल होतील, निदान नारळ खवून आमटी तरी करा, एवढाच त्या माउलीचा हेतू. काका उतरले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात कॅम्पात हुकूम निघाला की खोलीत स्वयंपाक नाही, धारदार वस्तू नाही, उद्या तपासणी. काका घाबरले. नवीन माणूस, इकामा, म्हणजे राहण्याचा परवानासुद्धा अजून हातात आला नव्हता. त्यांनी विळी मेणकापडात गुंडाळली, मेसच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ पुरली आणि पुढच्या आठवड्यात कंपनीने सगळ्यांना उचलून रियाधच्या कामावर नेलं. ते परत यान्बूला आले तेव्हा कॅम्प पाडून सपाट केला होता.

इथवर ठीक होतं. पण काकींनी फोनवर विचारलं, "विळी बरी चालते ना?" आणि काका म्हणाले, "झकास!"

झालं. एकदा झकास म्हटलं की मागे कसं फिरणार? काकी फोनवर कृती सांगायच्या, कांदा किती परतायचा, वाटण किती बारीक, आणि काका मेसमधली पाणचट डाळ खुब्जच्या, म्हणजे इथल्या रोटीच्या तुकड्याने पुसत हं हं करायचे. आज कुळथाचं सार केलं, आज सोलकढी केली, आज ओलं खोबरं घालून भरलेली वांगी. सुट्टीवर जाताना विळी का आणली नाही, तर परत गेल्यावर लागेलच ना! हे उत्तर सव्वीस वर्षं पुरलं. आता काका फायनल एक्झिटवर निघाले होते, कायमचे, महिनाभरात. आणि काकी म्हणाल्या होत्या, "येताना माझी विळी आणा, धाकट्या सुनेला द्यायची आहे."

"अहो, हरवली म्हणून सांगा की," मी म्हणालो.

"मेल्या, परवाच तिला सांगितलंय की खोबऱ्याच्या वड्या केल्या!" काकांचा आवाज खरंच चिरकला. "ती गावभर सांगते, आमचे हे तिकडे हाताने करून खातात. त्याच भरवशावर ती इतकी वर्षं झोपली रे."

मग मी ऑफिसच्या कपाटातून जुना स्थलदर्शक नकाशा काढला. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला, पण त्यावर कॅम्प होता, मेसचा आयत होता आणि शेजारी टाकीचं काळं वर्तुळ. मी टाकीचे अक्षांश-रेखांश काढले आणि मोबाइलमध्ये घातले. पाच मिनिटांचं काम. काकांना म्हटलं, शुक्रवारी दुपारपर्यंत विळी हातात.

ती जागा आता कंपनीचं कुंपण घातलेलं मोकळं आवार आहे. तिथे दगड हलवायलाही परवाना लागतो. खोदकामाचं कारण या रकान्यात मी 'जुनी मालमत्ता परत मिळवणे' असं लिहिलं. फाटकावरचा सुरक्षा अधिकारी तरुण सौदी होता. त्याने कागद तीनदा वाचला. जमिनीत सापडलेली प्राचीन वस्तू सरकारची असते, म्हणून तो स्वतः देखरेखीला बसणार होता. त्याने सावलीच्या जाळीखाली खुर्ची टाकली, शेजारी चहाची किटली ठेवली आणि म्हणाला, "यल्ला, चला!"

पहिल्या शुक्रवारी यंत्र अकरा वेळा किंचाळलं. अकरा वेळा आम्ही खोदलं. सार्डिनचे डबे, बुचं, एक पान्हा. प्रत्येक वस्तू मी खुर्चीपर्यंत न्यायची, अधिकाऱ्याने उलटीपालटी करून विचारायचं, "हे प्राचीन आहे का?" मी म्हणायचं, नाही. तो वहीत लिहायचा, सार्डिन, प्राचीन नाही. दुसऱ्या शुक्रवारी आख्खी लोखंडी खाट निघाली. काका तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ही तर आमच्या खोलीतली. तिसऱ्या शुक्रवारी काहीच निघालं नाही आणि काका खड्ड्याच्या काठावर बसून रडले. साठीचा माणूस असा रडताना बघवत नाही. मी त्यांच्यावरच खेकसलो, "जागा नीट आठवत नाही तर पुरलीत कशाला?" मला रात्रभर त्याची लाज वाटत राहिली.

खरी लाज तर सोमवारी वाटायची होती. नकाशाची घडी घालताना समासातली बारीक ओळ दिसली, मोजणी कुठल्या संदर्भाने केली ते सांगणारी. जुन्या नकाशांची मोजणी एका संदर्भाने, मोबाइलची दुसऱ्याच. आकडे तेच, पण जमिनीवर दोन्हींत शंभरेक मीटरचा फरक पडतो. हे मी दरवर्षी नव्या भरतीला शिकवतो हो! फळ्यावर लिहून शिकवतो, दोनदा अधोरेखित करतो. आणि तीन शुक्रवार चुकीच्या जागी खाटा उकरून वर काकांच्या स्मरणशक्तीला दोष देत बसलो. जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी मला चार शिव्या घातल्या, त्या मी खाल्ल्या. माझ्या हक्काच्या होत्या.

चौथ्या शुक्रवारी आकडे दुरुस्त केले आणि मोबाइल हातात धरून पश्चिमेला चालत निघालो. टाकीची जागा लागली ती जाळीच्या खांबाशी. तिथून यंत्र फिरवत फिरवत मी थेट अधिकाऱ्याच्या खुर्चीपाशी पोहोचलो आणि ते असं किंचाळलं की त्याच्या हातचा चहा सांडला. तीन शुक्रवार हा बाबा काकींच्या विळीवर बसून आम्हाला विचारत होता, प्राचीन आहे का!

त्याने खुर्ची उचलली. दोन हात खाली मेणकापडाच्या चिंध्या लागल्या. पाटाचा भुगा झाला होता, पातं गंजून पोपडे सुटले होते. पण खवणी जशीच्या तशी होती, कारण फिटर माणसाने पुरताना तिला वंगण थापून ठेवलं होतं. काकांनी ती शर्टाला पुसली आणि छातीशी धरली.

आता फाटकाबाहेर नेणार कशी? कंपनीच्या आवारातलं लोखंड कंपनीचं. हे हत्यार आहे का, अधिकाऱ्याने विचारलं. काका आपले मोडक्या अरबीत सांगू लागले, शब्द सापडेनात. शेवटी ते सरळ वाळूत बसले, एक गुडघा वर, एक पाय आडवा, आणि हवेतला नारळ खवून दाखवला. छान खवला. खाली न पडलेलं खोबरं ओंजळीत गोळा केलं आणि त्याच्यापुढे धरलं. अधिकारी गंभीरपणे वाकला, चिमूटभर उचललं, तोंडात टाकल्यासारखं केलं आणि पास लिहिला: स्वयंपाकघर, बायकोचं. प्राचीन नाही. खलास.

पुढचं काम वर्कशॉपच्या वेल्डरांनी केलं. त्यांना म्हटलं होतं, एक पातं लावून द्या. त्यांनी तेलाच्या पाइपलाइनला लागतं त्या स्टेनलेसचं पातं कापलं, जोड घातला, त्यावर लाल रंग मारून कुठे चीर राहिली नाही ना ते तपासलं आणि खाली जोडक्रमांक कोरला. पाट सागवानी, खोक्याच्या फळीचा. अशी विळी आख्ख्या कोकणात नसेल. काका खूश होऊन विमानात बसले.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. मी मेसमध्ये रांगेत होतो.

"दिली का विळी?"

"दिली."

"ओळखली?"

"ओळखली रे. म्हणाली, पातं बदललंत, पाट बदललात, बरं केलंत. खवणी आईचीच, हा एक दात माझ्या लहानपणीच तुटला होता. मग बोट फिरवलं तिने दातांवरून. म्हणाली, सव्वीस वर्षं खवलेल्या खवणीचे दात असे टोकदार राहतात होय?"

रांग पुढे सरकली, मी ताटली घेऊन सरकलो.

"मला वाटलं आता चिडेल. चिडायला हवी होती. विळी बाजूला ठेवली आणि म्हणाली, मग इतकी वर्षं खात काय होतात? आणि रडायलाच लागली बघ. कालपासून एकेक विचारते. अमुक दिवशी वांगी म्हणालात, तेव्हा काय खाल्लंत? मला आठवत पण नाही रे."

फोन ठेवेपर्यंत माझा नंबर आला होता. वाढणाऱ्याने ताटलीत डाळ ओतली, पातळ, पिवळी, कडेला धावणारी. मी टेबलाशी बसतो न बसतो तोच घरून बायकोचा फोन, नेहमीच्या वेळी, नेहमीचा प्रश्न.

"जेवलात का?"

"हो, मस्त," माझ्या तोंडात आलंच होतं. अठरा वर्षं येतंय.

"नाही गं," मी म्हणालो. "डाळ म्हणजे नुसतं पाणी आहे. बहुतेक दिवस असंच असतं."

ती म्हणाली, "थांबा, खुर्ची ओढून घेते. आता सगळं सांगा."