जंतूला पहिलं बक्षीस

मी मूळची सांगलीची. नोकरी लागली ती म्हसवडच्या पुढे, माण तालुक्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात, जीवशास्त्र शिकवायला. तिथे दर विज्ञान दिनाला डासाचं नाटक व्हायचं. एक मुलगा डास व्हायचा, बाकीचे त्याला मच्छरदाणीत पकडायचे आणि टाळ्या पडायच्या. त्या वर्षी मला काय सुचलं कोण जाणे, मी मुख्याध्यापकांना सांगितलं, "सर, यंदा सुपरअँटीजेन करू."

"ते पोरांना झेपेल का?"

"झेपेल की," मी म्हणाले. मला तरी झेपेल का, हे त्यांनी विचारलं नाही.

अकरावीच्या वर्गाला मी गोष्ट अशी सांगितली. आपल्या रक्तात टी-पेशी नावाचे सैनिक असतात. प्रत्येकाला आपापला एकच शत्रू ओळखता येतो. दुसरी एक पेशी शत्रूचा तुकडा सगळ्यांना दाखवत फिरते. ज्याचा शत्रू असेल तोच उठतो, बाकीचे झोपून राहतात. पण काही जंतू एक लबाड विष सोडतात, तेच सुपरअँटीजेन. ते तुकडा कुणाचा हे बघतच नाही. सैनिकाला आणि तुकडा दाखवणारीला बाजूनेच धरून एकमेकांना चिकटवतं. सैनिकाला वाटतं, आला माझा शत्रू! मग एकदम खूप सैनिक उठतात, रसायनं उधळतात आणि ज्याला वाचवायचं त्याच माणसाला ताप चढतो, रक्तदाब उतरतो.

"म्हंजे मॅडम, भांडण आमचं आमच्यातच?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"तसंच म्हण."

मेंढपाळांच्या घरची पोरं घोंगड्या घेऊन आली. टी-पेशी त्याखाली झोपणार होत्या. प्रत्येकाच्या छातीवर पुठ्ठ्याचा आकार होता, कुणाचा त्रिकोण, कुणाची चांदणी. एक मुलगी ताटात तसाच एक आकार घेऊन फिरणार होती. रसायनं म्हणून खिशात चुरमुरे ठेवायचे ठरले. वर्गातला सगळ्यात धष्टपुष्ट मुलगा पेशंट म्हणून बाजेवर निजणार होता. आणि सुपरअँटीजेन व्हायला हात वर केला तो बाजारपेठेतल्या एका शिंप्याच्या मुलीने. तिच्या वडिलांनी उरलेल्या अस्तरातून तिला पायघोळ जांभळा झगा शिवून दिला आणि त्याला जरीची किनारही लावली. झगा द्यायला ते स्वतः आले होते.

"मॅडम, आमची पोरगी नक्की हाय कोण?"

"विष आहे," मी सांगितलं.

"बरं बरं," ते म्हणाले आणि किनार सरळ केली. "पण पुढं उभी ऱ्हाईल न्हवं?"

विज्ञान दिनाला पाहुणे म्हणून गावातलेच एक निवृत्त सुभेदार आले. मैदानात मांडव होता. अर्धं गाव जमलं होतं. पहिला प्रवेश झकास झाला. ताटवाली त्रिकोण घेऊन फिरली, त्रिकोणवाला एकटाच उठला, त्याने चार चुरमुरे टाकले, पेशंट बरा झाला. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघून मानही हलवली.

मग जांभळा झगा आला. त्या मुलीचा आवाज पार शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. तिने एका हाताने ताटवालीचं कोपर धरलं, दुसऱ्याने एका सैनिकाची कॉलर ओढली आणि ओरडली, "ऊठ रं! आला तुझा दुश्मन!" तो उठला. तिने दुसऱ्याला उठवलं, मग तिसऱ्याला. काहींनी झोपूनच राहायचं, असं मी तालमीत बजावलं होतं. पण एवढी मजा चालू असताना घोंगडीखाली राहणार कोण? सगळेच उठले. चुरमुऱ्यांचा पाऊस पडला. पुढे बसलेली बारकी पोरं ते वेचायला स्टेजवर चढली. त्यांना उतरवायला त्यांच्या आया चढल्या. कुणाची तरी शेळी आली आणि कुणाची परवानगी न घेता खायला लागली. पेशंटने रक्तदाब उतरून बेशुद्ध पडायचं होतं. पण शेळीने त्याच्या गळ्यावरचे चुरमुरे चाटायला घेतले आणि तो गुदगुल्यांनी असा काही उसळला, की बाजेचा पाय काडकन मोडला.

मी विंगेतून "पडदा! पडदा!" ओरडत होते. मांडवाला पडदाच नव्हता, हे मला नंतर आठवलं.

तेवढ्यात सुभेदारसाहेब उठले आणि गरजले, "सावधान!"

सगळे जागच्या जागी ताठ. पेशंट मोडक्या बाजेवर आडवाच ताठ झाला. विंगेत माझेही हात आपोआप मांडीला चिकटले. शेळी तेवढी खात राहिली.

साहेब स्टेजवर आले. "दुश्मन किती होते?"

"एकच, सर," ताटवाली म्हणाली.

"आन् उठले किती? ही काय पलटण हाय? हुकूम कुणाचा, ते तरी बघायचं!" सैनिकांची अशी खरडपट्टी निघाली, की मला वाटलं, चला, विषय यांना तरी नेमका समजला. पण मग ते झगेवालीकडे वळले. "ह्या पोरीनं एकटीनं सगळी पलटण उठवली. ह्याला म्हणायचं लीडर! पयलं बक्षीस हिला."

"अहो साहेब, ती वाईट आहे," मी पुढे होऊन सांगितलं. "तिच्यामुळे माणूस मरू शकतो."

"व्हय? असू दे. आवाज लय चांगला हाय."

स्टीलचा डबा तिला मिळाला. तिचे वडील उभे राहून टाळ्या वाजवत होते. मुख्याध्यापक माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी डासच घ्या, मॅडम."

मी फार खट्टू झाले. पण घटक चाचणीत तो प्रश्न मुद्दाम घातला, तर सगळ्या वर्गाने बरोबर सोडवला. एकाने तेवढं लिहिलं होतं, की अशा वेळी रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे आणि शेळी बांधून ठेवावी. मी त्याला पूर्ण गुण दिले.

पुढे एकदा सुभेदारसाहेब स्टँडवर भेटले. बराच वेळ घुटमळून त्यांनी विचारलं, "मॅडम, त्यो जंतू ऱ्हातो तरी कुठं?"

"त्यातला एक तर बऱ्याच धडधाकट माणसांच्या नाकात असतो. एरवी काही करत नाही."

साहेबांनी खिशातून रुमाल काढला, घडी मोडून नाकाला लावला आणि साताऱ्याची गाडी लागेपर्यंत तो काढलाच नाही.