ओळ वरची, रकाना शेजारचा

आमच्या मंडळाचे किस्से कोणी लिहून ठेवत नाही, तरी ते कमी पडत नाहीत. वधू-वर परिचय पुस्तिका काढायची ठरली की पहिल्याच बैठकीत, चहा येईपर्यंत, एखादा तयार होतो. यंदाचे मात्र सगळे एकाच गोष्टीवरून झाले: एक्सेलमध्ये शेजारच्या रकान्यापर्यंत पोचायचं कसं?

मी जळगावच्या एका शाळेत मराठी शिकवतो, म्हणून पुस्तिकेची प्रुफं माझ्याकडे. यंदा माझ्या मुलीची, मेघाची नोंदही त्यात होती. मागच्या वर्षी तिची आई गेली. सुनंदा. त्यानंतर स्थळाचा विषय काढला की मेघा उठून जायची. शेवटी एकदा म्हणाली, "द्या नाव. पण आईचं नाव नीट छापून आलं पाहिजे."

तेवढी एकच अट. त्यामुळे बाकीच्यांना या प्रकारात जेवढी गंमत वाटत होती, तेवढी मला वाटत नव्हती.

*

नोंदी एक्सेलमध्ये होत्या. त्यातून प्रत्येकाचं पान आपोआप तयार व्हावं म्हणून मॅक्रो लिहायचा होता. मॅक्रो म्हणजे एक्सेलला दिलेली लेखी सूचना: इथून नाव उचल, शेजारून जन्मगाव, त्याच्या पुढून शिक्षण. हे येणारी माणसं मंडळात दोनच. धुळ्याचा प्रशांत, तो कॉम्प्युटरचे क्लास घेतो. आणि संगीताताई, त्या इथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये अकाउंट्स बघतात.

प्रशांत म्हणाला, 'ऑफसेट' वापरू. मुलाच्या नावावर उभं राहायचं आणि सांगायचं, इथून उजवीकडे दोन घरं. ताई म्हणाल्या, 'सेल्स' वापरू. ओळ अमुक नंबर, रकाना तमुक नंबर. उभं कुठं राहायचं ही भानगडच नको.

मला दोन्ही पटलं. म्हणजे खरं तर दोन्ही कळलं नाही.

आमचे अध्यक्ष नाना दोंडाईचाचे. त्यांना समजावं म्हणून प्रशांतनं विचारलं, नाना, स्टेशनवर उतरलं की तुमच्या घरी कसं यायचं? नाना म्हणाले, कोणालाही माझं नाव सांग, घरापर्यंत आणून सोडतील.

प्रशांत मग म्हणाला, "तशीही एक पद्धत असते नाना, नाव शोधत जायची. पण ती स्लो असते."

"दोंडाईचात नाही," नाना म्हणाले.

*

पहिली चाचणी प्रशांतच्या पद्धतीनं झाली. मधल्या काळात कोणीतरी शिक्षणाच्या आधी रक्तगटाचा रकाना घुसवला होता. मॅक्रोला काय पत्ता! तो ठरल्याप्रमाणे उजवीकडे दोन घरं गेला आणि जे सापडलं ते घेऊन आला.

पानं बघायला आलेल्या एका पालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, हा बी पॉझिटिव्हचा कोर्स जळगावला आहे, की त्याला नाशिकला जावं लागतं?"

*

मग ताईंची पाळी. त्यांचे सगळे नंबर पक्के होते. फक्त आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच दुसऱ्या मोबाइलचा रकाना नको म्हणून काढून टाकला होता. पुढचे सगळे रकाने एकेक घर अलीकडे सरकले. मुलांच्या अपेक्षांच्या जागी त्यांची उंची आली.

एका मुलाच्या पानावर छापलं होतं, 'अपेक्षा: पाच फूट चार इंच.'

नानांना तो मुलगा फार आवडला. "मागणी मोजकी शे," ते अहिराणीत म्हणाले.

*

यावर खूप वाद झाला. प्रशांतचं मत, ताईंनी रकाना काढायलाच नको होता. ताईंचं मत, प्रशांतनं आधी रक्तगटाचं बोलावं. शेवटी धुळेवाले प्रशांतच्या बाजूला आणि जळगाववाले ताईंच्या बाजूला बसले, तेव्हा नानांनी हात वर केला.

"बठ्ठं बरोबर शे, मग भांडण कसाले?" ते म्हणाले. दोघांचंही बरोबर, म्हणून मॅक्रो प्रशांतचा घ्यायचा. पण एक रकाना तरी ताईंच्या पद्धतीनं ठेवायचा, म्हणजे कोणी नाराज नको.

आमच्या मंडळात सगळे निर्णय असेच होतात. जेवणावळीतही एक भाजी धुळ्याची असते, एक जळगावची. मी मात्र विचारलं, एकाच पानात दोन पद्धती चालतील का? दोघांनी एकाच सुरात सांगितलं, "माझा भाग बरोबर आहे, सर."

ताईंच्या वाट्याला शेवटचा रकाना आला. मुलामुलीची आई हयात नसेल तर तिच्या नावाआधी काय लावायचं, त्याचा. त्याचं शीर्षक होतं, 'कै. असल्यास'. सौ. मात्र सगळ्याच आयांना आपोआप लागणार होतं.

*

या वेळी प्रशांत प्रत्येकाच्या नावापासून मोजत होता आणि ताई तक्त्याच्या माथ्यापासून. ताईंच्या मोजणीत शीर्षकाची ओळ हीच पहिली नोंद धरली गेली. त्यामुळे शेवटच्या रकान्यातली प्रत्येक गोष्ट एक ओळ खाली गेली. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. आधी नानांनी ती फाइल न वाचताच समाजाच्या सगळ्या ग्रुपवर पाठवली.

पहिली नोंद नानांच्या नातीची. तिच्या पानावर आलं, 'आई: कै. असल्यास सौ. वंदना.'

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "असल्यास म्हणजे काय रे? सकाळी तिनंच तर चहा दिला."

"मग नसल्यास, नाना," प्रशांत म्हणाला.

*

मला फोन आला तो भडगावहून. तक्त्यात मेघाच्या खाली जिची नोंद होती, त्या मुलीची आई. लताबाई.

"सर, मी भडगावहून बोलते," त्या म्हणाल्या. "तुमच्या पुस्तिकेत वारलेली."

मी माफी मागितली. चूक दुरुस्त होतेय, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, कोणाला रागावू नका. असं छापलं की आयुष्य वाढतं म्हणतात, आमचे हे तर सकाळपासून पेढ्यांचं विचारताहेत. मग त्यांनी विचारलं, माझ्याकडं आलेलं हे कै. मुळात कोणाचं?

"माझ्या मिसेसचं," मी म्हणालो.

मग त्यांनी हळूच विचारलं, "मग त्यांच्या पानावर काय आलंय?"

"नुसतं सौ."

"असं," त्या म्हणाल्या, आणि सावकाश फोन ठेवला.

*

संध्याकाळी ते पान मी मेघाला दाखवलं. 'आई: सौ. सुनंदा.' तिनं ते मोठं करून पाहिलं.

"तुम्ही हे दुरुस्त करणार ना?"

"हो."

"करा. पण उद्या करा, पप्पा."

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप उघडायच्या आत शिंदखेड्याहून फोन आला. एका लग्नाच्या मुलाच्या आई होत्या. पुस्तिकेत पाहिलं, म्हणाल्या, मुलीच्या आईशी बोलायचं होतं. सुनंदाताई आहेत ना घरात?

शीर्षकाची ओळ, ताईंचा रकाना, प्रशांतची मोजणी. कुठून सुरुवात करावी तेच सुचेना. मेघानं माझ्या हातातून फोन घेतला.

"काकू, आई नाहीये. मागच्या वर्षी गेली. ते चुकून तसं छापलंय. मी मेघा."

मग ती बराच वेळ नुसती ऐकत होती. बोलत बोलत गॅलरीत गेली. मला मधले मधले शब्द येत होते. शेवभाजी. कोणाचं तरी लग्न. एकदा ती हसली. माझा चहा निवून गेला.

आत आली आणि फोन माझ्यासमोर ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"आईबद्दल विचारत होत्या. काय आवडायचं, कशी बोलायची."

"आणि मुलगा काय करतो?"

मेघा जराशी गोंधळली.

"ते विचारायचं राहूनच गेलं," ती म्हणाली.