नकाशानं मला जंगलात बसवलं

मी सातवी नापास. तरी हौशी रेडिओचं लायसन्स काढलं, कारण परीक्षेचे प्रश्न बायको पोळ्या लाटता लाटता पाठ करून घ्यायची. ती गेल्यापासून घरात आवाज करतो तो फक्त फ्रीज, आणि त्याला माझ्याशी घेणंदेणं नाय.

म्हणून संध्याकाळी मी रेडिओवरून सिग्नल सोडतो. जगात कुणाच्या रेडिओनं तो पकडला, की इंटरनेटवरच्या नकाशात तिथं ठिपका येतो. कुणीतरी आपलं ऐकलं, एवढंच कळतं. मला तेवढं पुरतं.

पनवेलजवळच्या करंजाड्याच्या आमच्या सोसायटीला मात्र माझ्या रेडिओची गच्चीवरची तार खुपली. सेक्रेटरी म्हणाला, "काका, तारेचा उपयोग दाखवा, नाहीतर रविवारी उतरवणार." तार गेली की ठिपकेही गेले. मी कमिटीला घरीच बोलावलं.

नेमका तेव्हाच नकाशा बदललेला. जुन्यात सगळं जग दिसायचं आणि माझ्या घराचा ठिपका इतका जाडा, की अर्धा रायगड त्याच्याखाली झाकायचा. नवा नकाशा शहाणा निघाला. तो थेट माझ्या घरावर जाऊन थांबला. घर मुरूडकडच्या जंगलात होतं.

सेक्रेटरीनं चष्मा वर केला. "काका, तुम्ही इथं राहता?"

"तुमच्यासमोर बसलोय, दिसत नाय का?"

"मग तिथं कोण बसलंय?"

"बिबट्या," खालच्या मजल्यावरचे चाचा म्हणाले. ते मस्कतला नोकरी करून आलेले. "राहू द्या. पार्किंग मागत नाही, चांगला मेंबर आहे."

चूक माझीच. जागेच्या खुणेची सहा अक्षरं भरायची असतात, मी चारच भरलेली. चार अक्षरांत नुसता मोठा चौकोन कळतो, मग नकाशा आपल्याला त्याच्या मधोमध बसवतो, आणि आमच्या चौकोनाच्या मधोमध झाडी.

"ते असू दे. ठिपके कुठायत?" सेक्रेटरी म्हणाला.

"नवा नकाशा ताजेच दाखवतो. शिळे फेकून देतो."

"म्हणजे तुमचं कोणी ऐकतच नाही."

हे मला लागलं. मी बटण दाबलं. रेडिओ किरकिरला. सगळे पडद्याकडे बघत बसले. जरा वेळानं ओमानच्या कडेला एक ठिपका उमटला.

चाचा उठून उभे राहिले. "हे मस्कत. त्याला विचारा, आमच्या गल्लीतली बेकरी अजून आहे का."

"विचारता येत नाय, चाचा. त्यानं ऐकलं एवढंच कळतं."

"मग आमच्या घरापेक्षा बरं. तिथं तेवढंही कळत नाही."

तेवढ्यात ऑस्ट्रेलियात दुसरा ठिपका आला. सेक्रेटरीची मुलगी सिडनीला असते. त्यानं खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाला, "माझा फोन उचलत नाही, आणि काकांचं तिथं ऐकतात. अजून एकदा सोडा."

चार वेळा सोडायला लावलं त्यानं. जाताना म्हणाला, "तार राहू दे. पण आधी जंगलातून घरी या."

मी उरलेली दोन अक्षरं भरली. नकाशानं मला उचलून पनवेलात आणलं. घरात नाय, थोडं लांब, रस्त्याच्या कडेला ठेवलं. चालतंय.

आता दोघं रोज संध्याकाळी येऊन बसतात. एकाला मस्कत हवं, दुसऱ्याला सिडनी, आणि भांडतात माझ्या खुर्चीवर बसून. चहा मला करावा लागतो. बायको असती तर चहा तिनं केला असता, आणि कप रिकामे झाले की दोघांना हाकललंही असतं. मला हाकलता येत नाय.