मेहुण्याची पॉवर

ब्रेक जळाल्याचा वास आला की मला धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची डिझेल पिकअप आठवते. नव्वदच्या दशकात त्याने तिचं इंजिन इतकं ट्यून करून घेतलं होतं, की आख्खं नॉटिंगहॅम तिने कार्डिफला ओढत नेलं असतं. माझ्या लेकीच्या लग्नाच्या दिवशी सगळं जेवण तिच्या मागे जोडलेल्या ट्रेलरमध्ये होतं. निघताना बहिणीने ट्रेलरची पूजा केली, नारळ फोडला. तेवढ्यात ट्रेलर घरंगळू नये म्हणून मेहुण्याने त्याचा हँडब्रेक ओढून ठेवला. मोटरवेवर आमच्यामागे असा धूर, की विमानांनी वाट बदलली असेल. “अहो, काहीतरी जळतंय!” बहीण ओरडली. “पॉवर आहे ती!” मेहुणा म्हणाला. शेवटी ट्रेलरचं चाकच पेटलं. मी मठ्ठ्याचं पिंप त्यावर ओतलं, तेव्हा कुठे जेवण वाचलं. बघतो तर हँडब्रेक अजून ओढलेलाच! मी कपाळ बडवलं. मेहुणा मात्र खुशीत: “बघितलंस? ब्रेकसकट खेचला!” आजही पार्टीत हा किस्सा तोच रंगवतो आणि मठ्ठा वाया घालवला म्हणून वर मलाच बोलतो.