उद्घाटक घरमालक

बीडमधल्या आमच्या घराच्या दोन खोल्या भाड्याने असतात. एक रस्त्याकडची, खालची. दुसरी तिच्या बाजूच्या जिन्याने वर गेलं की लागते ती. आम्ही नवरा-बायको मागच्या बाजूला राहतो. वरच्या खोलीत जूनपासून वडवणीकडची एक बाई आणि तिची बारावीतली मुलगी होती. मुलीला डॉक्टर व्हायचं होतं, क्लास बीडला. मेमधल्या परीक्षेपर्यंत पोरीला जागा बदलावी लागू नये, एवढंच आईचं मागणं होतं. मी शब्द दिला होता.

दिवाळीनंतर खालच्या खोलीसाठी एक तरुण आला. कपडे पांढरे आणि इतके कडक, की बसताना आवाज झाला. "सर, फॅमिली आनतो," म्हणाला. करारात 'राहण्यासाठी' हा शब्द मी स्वतः घातला. आठ दिवसांनी तो फॅमिलीऐवजी निमंत्रणपत्रिका घेऊन आला. जनसंपर्क कार्यालयाचा शुभारंभ. उद्घाटक म्हणून माझं नाव, त्याआधी 'ज्येष्ठ विचारवंत'. मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवला. विचारवंत असल्याचा संशय तोवर माझ्यावर कुणी घेतला नव्हता.

तेव्हाच करार काढून दाखवायला हवा होता. मी फीत कापली. सत्कारांची आयुष्यभर टवाळी केलेला माणूस मी. पण त्याने शाल पुढे केली तेव्हा त्याचा हात पोचावा म्हणून मान जरा खाली घेतली. नाही म्हणालो असतो तर त्याचा अपमान झाला असता, असं मी घरी सांगितलं.

"अपमान त्याचा वाचला," बायको म्हणाली, "खोली आपली गेली."

जिन्यावर दुपारी सावली असते. सात-आठ कार्यकर्ते पायऱ्यांवर बसू लागले. मुलगी क्लासहून आली की ते उठत नसत, गुडघे तेवढे आखडून घेत. आम्ही कुणाला काही बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. ती आली की सगळे एकदम गप्प होतात, असं आईचं.

"सर, पोरगी दुपारी जेवायला येतच न्हाई आता," आई एक दिवस म्हणाली. "तितंच उपाशी बसती. दिवस मावळता मी आणाया जाते."

मी खाली गेलो.

"तुमी कावून तरास घेता, सर? आपलीच पोरं हायेत," भाडेकरू म्हणाला.

"करार राहण्यासाठी आहे."

त्याने मोबाईल पुढे केला. फोटोत मी: हातात कात्री आणि चेहऱ्यावर नुकतीच जहागीर मिळालेल्या सरदाराचं समाधान. "उद्घाटन कुणी केलं, सर?"

पायऱ्यांवरून एक जण ओरडला, "ए, सरांला चहा सांग बे!"

चहा घेऊन परत आलो.

मग दुसरा उपाय. रोज एक वाजता खुर्ची घेऊन जिन्याच्या पायथ्याशी बसायचं. मी असलो की पोरं उठून बाजूला होत, मुलगी नीट वर जाई. आठवडाभर मला वाटलं, जमलं. फक्त एवढंच झालं, की कामं घेऊन आलेले लोक मलाही नमस्कार करू लागले. एका म्हाताऱ्याने रेशनकार्ड माझ्या हातात दिलं. मीही ते वाचत बसलो. नंतर फाटकावर त्यांच्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर लागला. चेहऱ्यांच्या रांगेत डावीकडून तिसरा मी. खाली: मार्गदर्शक.

संध्याकाळी मुलीची आई आली.

"तुमी तितं माज्या लेकीसाठी बसता, मला म्हाईत हाय. पर त्यो फोटो गावाकडं समद्यांच्या मोबाईलवर गेला. हिचे वडील म्हणत्यात, पुढाऱ्याच्या हापिसावर लेक ठिवायची न्हाई."

"मी त्याला नोटीस देतो."

"द्या की. पर परीक्षा दोन महिन्यांवर हाय, सर. तुमची नोटीस कवा पोचायची?"

क्लासजवळ तिने खोली बघूनच ठेवली होती. रिक्षा आली तेव्हा पायऱ्यांवरची पोरं पहिल्यांदाच सगळी उठली. सिलिंडर, गाद्या त्यांनीच खाली आणल्या. भाडेकरू हात जोडून म्हणाला, "मावशी, कवाबी काम असलं तर सांगा."

"एकच हुतं," ती म्हणाली, "ते आता ऱ्हायलं न्हाई."

मी मुलीला विचारलं, नवी खोली कशी आहे?

"लई बारकी हाय, सर. पण जिना न्हाई."

रिक्षा वळते न वळते तोच भाडेकरूने विचारलं, वरची खोली मीटिंगला मिळेल का. मी नाही म्हणालो आणि त्याच दुपारी नोटीस दिली. त्याने ती वाचली, घडी करून खिशात घातली. "बघू, सर." अजून तो बघतोच आहे.

मुलीची परीक्षा रविवारी आहे. फोन करावा की नाही, हे दोन दिवस माझं चाललंय. काल नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला.

"आता तरी," बायको म्हणाली, "त्या पोरीला अभ्यास करू द्या."