ग्योतोकूतलं इंग्लंड

चार निवृत्त माणसं एका खोलीत बसवावीत आणि मधे एक इंजिन ठेवावं. किस्से जमवावे लागत नाहीत, आवरावे लागतात! मी जन्मभर सरकारी विमा ऑफिसात कारकुनी केली, पण तिथे मिळाले नाहीत एवढे मासले मला टोकियोशेजारच्या ग्योतोकूत मिळाले, मुलीकडे राहायला आल्यावर.

तिथल्या कोमिनकानमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या समाजमंदिरात, दर शनिवारी एक क्लब भरतो. काम एकच. टेबलांवर इंग्लंडमधली एक काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, खेळण्याएवढ्या आकारात उभारायची: छोटं गाव, कालवा आणि हौशी मंडळींनी जपलेली वाफेची जुनी रेल्वे. इंग्लंडला त्यांच्यापैकी एकही जण गेलेला नाही. त्यामुळे मतभेद फार!

*

अध्यक्ष हाशिमोतो-सान, म्हणजे आपल्याकडचे हाशिमोतोराव, निवृत्त बँकवाले. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "तुम्ही भारतीय. म्हणजे इंग्रजांना जवळून ओळखत असाल."

मी म्हणालो, "ओळख दीडशे वर्षांची. पण घरी कधी बोलावलं नाही त्यांनी!"

माझी मुलगी मुग्धा दुभाषी. तिने भाषांतर केलं. सगळे गंभीर झाले आणि कमरेत वाकले.

"बाबा," ती कुजबुजली, "ते तुमचं सांत्वन करतायत."

*

क्लबची पहिली काउंटी २०११च्या भूकंपात टेबलावरून खाली आली. माणसं सगळी सुखरूप राहिली, म्हणून आज हसता येतं. पण हाशिमोतो-सान अजूनही सुतकी आवाजात सांगतात, "चर्च गेलं, पूल गेला, होडी कपाटाखाली सापडली."

इंग्लंडच्या इतिहासातला सर्वांत मोठा भूकंप ग्योतोकूत झाला, हे इंग्रजांना कोणीतरी कळवायला हवं!

*

नव्या काउंटीच्या कालव्यात खरं पाणी हवं, असं ठरलं. होड्या वर-खाली नेणारं लॉकसुद्धा केलं, चिमुकल्या दरवाजांसकट. दरवाजे सुंदर होते. फक्त बंद होत नव्हते.

खालच्या मजल्यावर पुष्परचनेचा वर्ग चालतो. तिथल्या बाई वर आल्या. किमोनोचा खांदा ओला, चेहऱ्यावर हसू. म्हणाल्या, "क्षमा करा, तुमचं इंग्लंड खाली येतंय."

*

गाव मला अती स्वच्छ वाटलं. वास्तवाची जाण मलाच, म्हणून मी गुपचूप कागदाचे चार बोळे आणि चंदेरी कागदाचे तुकडे रस्त्यावर टाकले.

पुढच्या शनिवारी बघतो तर कचरा गायब! चौकात दोन इवल्याशा कचराकुंड्या: एक जळणाऱ्याची, एक न जळणाऱ्याची.

"कोणी टाकला ते आम्ही विचारणार नाही," हाशिमोतो-सान म्हणाले, "पण निदान वेगळा करून टाकायचा!"

*

आणि मोरिता-सान. चाळीसेक वर्षं लोकलचे मोटरमन. एकदाही गाडी उशिरा सोडली नाही. आमचं इंजिन तेच चालवायचे. क्लबचं प्रदर्शन जवळ आलं तेव्हा त्यांनी लाजत सांगितलं, "बायको येणार आहे. तिने मला गाडी चालवताना कधी पाहिलेलं नाही."

तेवढ्यात हाशिमोतो-साननी फर्मान काढलं: हौशी लोकांची रेल्वे म्हणजे चहा पिऊन, गप्पा मारून निघणार. गाडी उशिराच सुटली पाहिजे! नाहीतर ड्रायव्हर बदलू.

मोरिता-सानना जमेना. काटा जागेवर आला की हात आपोआप पुढे जायचा. प्रत्येक तालमीत गाडी वेळेवर!

मी म्हणालो, "मोरिता-सान, उशीर हा माझा विषय. कोट खुर्चीला अडकवायचा आणि चहाला जायचं. खुर्ची हजर दिसते, आपण नसतो."

त्यांनी आज्ञाधारकपणे कोट अडकवला आणि चहाला गेले. वेळेच्या एक मिनिट आधी धापा टाकत परत!

"या माणसाला सरकारी नोकरी मिळाली नसती," मी मुग्धाला म्हणालो. तिने त्याचं भाषांतर केलं नाही.

*

प्रदर्शनाचा दिवस. हॉल खच्चून भरलेला, पोरं टेबलाला चिकटलेली. गाडी दोनला सुटायची. पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी.

दोन वाजले. मोरिता-सानचा हात खटक्यावर, पण खटका काही ते ओढेनात.

"वा!" हाशिमोतो-सान आनंदाने माझ्या कानात ओरडले. "अगदी इंग्लिश!"

आणखी वेळ गेला. पोरं चुळबुळ करू लागली. कोणीतरी घड्याळ पाहिलं. हाशिमोतो-सानचा आनंद ओसरला. "मोरिता-सान, पुरे! एवढा उशीर तर इंग्लंडमध्येही करत नसतील!"

मोरिता-सान ढिम्म. कपाळावर घाम, नजर दाराकडे.

दार उघडलं. एक ठेंगण्या आजी, हातात मिटलेली छत्री, सगळ्यांची माफी मागत, वाकत वाकत आत आल्या. खुर्चीपर्यंत पोचल्या आणि थबकल्या. फलाटावर गाडी अजून उभी! त्यांनी एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि काळजीने विचारलं,

"गाडी बिघडली का हो?"

"हो," मोरिता-सान म्हणाले. "आत्ताच दुरुस्त झाली."

आणि त्यांनी शिटी दिली.